कोशवाल्यांचं फसणं

कोशवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली ती शब्दवाटपाच्या दिवशी, आणि मग तिने तिथेच बिऱ्हाड केलं.

कोश कसा तयार होतो हे मुद्दाम बघायला कुणी जात नाही, आणि गेलं तर पश्चात्ताप होईल, म्हणून आधी थोडं सांगून टाकतो. समानार्थी शब्दांच्या कोशाचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला खणांचं कपाट, खणांत नोंदपत्रं, नोंदपत्रांवर धूळ आणि धुळीखाली चार माणसं. नवा खंड सुरू झाला की संपादकबाई टेबलाटेबलावर एकेक शब्द ठेवत जातात. ज्याच्या पुढ्यात जो पडला, त्याने त्याचे सगळे अर्थ आणि अर्थांचे सगळे भाऊबंद हुडकून आणायचे.

त्या दिवशी 'फ' चालू होता. बाईंनी खिडकीजवळ 'फळणे' ठेवला. सुतळीच्या टेबलावर 'फुलणे' ठेवला. (सुतळी हे काही त्या गृहस्थाचं नाव नव्हे, पण त्याला एकदा पाहिलं की खरं नाव विचारायची गरज उरत नाही.) मग त्या कोशवाल्यांपाशी आल्या, 'फसणे' ठेवला, आणि किंचित हसल्या.

शब्दाचं एक वेळ ठीक होतं. हसल्या का?

"बाई, हा मलाच का?" कोशवाल्यांनी विचारलं.

"कुणीतरी घ्यायलाच हवा ना?"

"हो, पण मीच का?"

"तुमचा अनुभव दांडगा आहे," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

कोशातली माणसं वाक्य ऐकून सोडून देत नाहीत. कोशवाल्यांनी ते वाक्य दिवसभर उलटंसुलटं करून पाहिलं. कामाचा अनुभव की फसण्याचा? पलीकडे सुतळी आपल्या 'फुलणे'कडे नवरदेवासारखा बघत होता. दोघांचं आतून काही ठरलं असेल काय?

संशयाला कारण होतं. उपसंपादकाची खुर्ची रिकामी होती. बाईंनी जाहीर केलं होतं की या खंडात ज्याची नोंद वाचनसभेत पहिल्याच फेरीत मंजूर होईल, खुर्ची त्याची आणि पहिल्या पानावर नाव त्याचं. आजवरच्या सगळ्या खंडांत कोशवाले होते, नाही असं नाही, पण ते 'व इतर सहकारी' या शब्दांत होते. पाहुण्यांना खंड दाखवताना ते 'इतर' या शब्दावर बोट ठेवत, आणि पाहुणे सौजन्याने मान हलवत. पुढचा खंड निघेपर्यंत ते निवृत्त होऊन घरी बसणार होते. म्हणजे नाव छापून यायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

आणि त्यासाठी हातात काय, तर 'फसणे'.

शब्द तसा खानदानी निघाला. गणगोत केवढं. बेत बारगळतो, लग्न फिसकटतं, धंदा बसतो, भाषण आपटतं, नेम हुकतो, समारंभाचा बोजवारा उडतो आणि विद्यार्थी नापास होतो. खरी पंचाईत पुढे होती. बाईंच्या कार्यालयाचा एक नियम होता: प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं वाक्य हवं, ते कानांनी ऐकलेलं हवं, आणि ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडचं हवं. "दुसऱ्याचं अपयश सगळेच रसाळ सांगतात," बाई म्हणत, "त्यातून माणूस कळतो, शब्द कळत नाही."

तर कोशवाले ऐकायला बाहेर पडले.

ते राहत होते ती इमारत बोलकी होती. जिना तर इतका बोलका की तळमजल्यावरच्या शिंप्याकडे पडलेली सुई वरच्या विमावाल्यांना ऐकू जावी. कोशवाले खिशात कोरी नोंदपत्रं घालून जिन्याच्या वळणावर उभे राहू लागले. दुसऱ्याच्या फसण्याची वाक्यं धो धो मिळाली. विमावाल्यांचा जोडधंदा कसा बसला ते शिंप्याने सांगितलं, शिंप्याचा कोट कसा फसला ते विमावाल्यांनी. पण स्वतःबद्दल? स्वतःबद्दल सगळे म्हणत, "जरा योग नव्हता." नाहीतर, "मीच सोडून दिलं." जगात अपयश भरपूर होतं, पण त्यातलं एकही कुणाच्या मालकीचं नव्हतं.

बरं, जिन्यात उभं राहून कागदावर काही खरडणारा माणूस फार दिवस लपत नाही.

"काय लिहिता हो?" एक दिवस शिंप्याने मशीन थांबवून विचारलं.

"काही नाही. आपलं असंच."

"असंच कोण लिहितं?" शिंपी म्हणाला. त्याने पायाने दार लोटून घेतलं.

कोशवाल्यांच्या दारासमोर राहणाऱ्या मावशी पोस्टातून निवृत्त झालेल्या. पाकीट न उघडता आतला मजकूर ओळखण्याची त्यांची ख्याती होती. त्यांनी निदान केलं की हा माणूस घरमालकाला बातम्या पुरवतो. विमावाल्यांचं मत पडलं की कर खात्याला. दोन्ही मतं जिन्यावर भेटली आणि त्यांची दोस्ती झाली. कोशवाले दिसले की बोलणं हवापाण्यावर येऊ लागलं. बोलका जिना मुका झाला. कार्यालयात सुतळी मात्र 'फुलणे'ची वाक्यं रोज ओंजळी भरभरून आणत होता. तीही कुठून आणतो, याचा कोशवाल्यांना दाट संशय होता.

मग त्यांनी शेवटचा उपाय म्हणून न्हाणीघराचा आरसा धरला. माणूस स्वतःचं अपयश सांगतो तेव्हा तोंडात आधी कुठला शब्द येतो, हे निदान तपासून तरी पाहावं, असा शास्त्रीय विचार. दाढीचा फेस तसाच ठेवून ते म्हणाले, "संपलं सगळं." बरं वाटलं नाही. मग म्हणाले, "मी फसलो." हे जरा सैल. मग आवाज खाली आणून, "पार तोंडघशी पडलो. आता कुणाला तोंड दाखवू?"

यातलं शेवटचं चांगलं जमलं. इतकं की दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असलेली बायको टॉवेल तसाच घेऊन परत गेली.

त्यांच्या बायकोचा स्वभाव असा की संशय आला तरी ती विचारत नाही, पुरावा जमवते. पुरावा लगेच मिळाला. त्याच आठवड्यात बाईंनी कोशवाल्यांना बाहेर राहून वाक्यं मिळवायची परवानगी दिली, आणि भर दुपारी ते बागेतल्या बाकावर एकटे बसलेले बायकोला दिसले. त्या वेळी ते शेजारच्या बाकावरचं भांडण ऐकत होते. पण लांबून पाहणाऱ्याला भांडण दिसत नाही, मान खाली घातलेला माणूस दिसतो.

तिने आपल्या भावाला फोन केला. भाऊ धडाडीचा. त्याने सरळ कार्यालयात फोन लावून विचारलं, "आमचे भावोजी तिथे कामाला आहेत ना?"

फोन उचलणारा कारकून नियमाला धरून चालणारा. बाहेरच्या माणसाने कर्मचाऱ्याची चौकशी केली की काय बोलायचं हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "त्या व्यक्तीबद्दल काहीही सांगता येणार नाही."

"म्हणजे आहेत की नाहीत?"

"तेही सांगता येणार नाही."

झालं. भावाने बहिणीला सांगितलं, बहिणीने मावशींना सांगितलं, कुणाला सांगू नका असंही सांगितलं. त्यामुळे बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या मजल्यांवर पोचली.

कोशवाल्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की कालपर्यंत पायाने दार लोटणारा शिंपी आज हाताने दार उघडतोय.

"या दादा, बसा जरा," शिंपी म्हणाला.

दादा? इतकी वर्षं 'साहेब' होते. कोशवाले संशयाने बसले. शिंप्याने चहा मागवला, टेप गळ्यातून काढून ठेवली, आणि घसा खाकरून म्हणाला, "माणसाने मनाला लावून घेऊ नये. आता माझंच बघा. नवीन दुकान टाकलं तेव्हा पहिलाच सूट नवरदेवाचा. माझा सूट साफ फसला. हात वर होईना त्याचा. समारंभभर तो लोकांना कोपरातून नमस्कार करत होता. मी मांडवाच्या मागून पळालो."

कोशवाल्यांनी कान टवकारले. 'माझा सूट साफ फसला.' ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडचं. हे वाक्य हातचं जाता कामा नये. त्यांनी डाव्या हाताने रुमाल तोंडावर धरला आणि त्याच्या आडून उजव्या हाताने गुडघ्यावरच्या नोंदपत्रावर भराभर लिहायला सुरुवात केली. खांदे हलत होते ते लिहिण्यामुळे. शिंप्याला ते हुंदके वाटले. त्याने पाठीवर हात ठेवला.

"नोकरी काय, गेली तर दुसरी येईल," तो म्हणाला.

कोशवाले रुमालाआड थबकले. कुणाची नोकरी? मग हळूहळू उजेड पडला, आणि त्या उजेडात त्यांना दोन वाटा दिसल्या. एक, ताडकन उठून सांगावं की कोण म्हणतं माझी नोकरी गेली. इभ्रत वाचली असती. दुसरी, गप्प बसावं. दारं उघडी राहिली असती.

"येईल ना?" कोशवाले रुमालातून म्हणाले.

इथून पुढे जे घडलं त्याला सुगी म्हणतात. विमावाल्यांनी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं की पहिल्याच सभेत माझं भाषण असं आपटलं, की आभार मानणारा माझे आभार मानायला विसरला. मावशींनी तर दार लावून घेऊन सांगितलं की तरुणपणी पोस्टाच्या संमेलनात मी गायला उभी राहिले, वरच्या सुराला माझा नेम हुकला, आणि पेटीवाल्याने पेटीच मिटली. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कोशवाले रुमालाआड लिहीत होते. इमारतीत त्यांची ख्याती झाली की माणूस फार हळवा आहे, दुसऱ्याचं दुःख ऐकून ढसाढसा रडतो.

पण सहानुभूतीला हात असतात आणि ते कुठेही पोचतात. मावशी रोजचं वर्तमानपत्र नोकरीच्या जाहिरातींवर लाल खुणा करून आणून देऊ लागल्या. एक खूण 'चपळ तरुण हवेत' या जाहिरातीवर होती. विमावाल्यांनी त्यांना उमेद वाढवणाऱ्या व्याख्यानाला नेलं आणि पहिल्या रांगेत बसवून वक्त्याला लांबून दाखवलं, "हेच ते." शिंप्याने तर कामच दिलं. "तुम्हाला बारीक अक्षरांची सवय आहे, काजं करायला बसा." शब्दांची मुळं खणून काढणारा माणूस सकाळी कार्यालयात जाण्याआधी शिंप्याच्या स्टुलावर बसून शर्टांची काजं करू लागला. आपण नोकरीला जातोय हे कळू नये म्हणून मागच्या गल्लीने जायचं, आणि येताना दमल्यासारखं न दिसता निराश दिसायचं. हे दमलेल्या माणसाला किती जड जातं ते करून पाहावं. त्यात एक काज चुकीच्या बाजूला झालं, तेव्हा शिंपी चक्क म्हणाला, "ऑफिसातही असंच करत होतात का?"

कोशवाल्यांनी तो घोट गिळला. सगळे अर्थ भरले होते. एकच उरला होता: नापास होणे.

खरं तर तो सगळ्यांत सोपा. पण इमारतीत विचारावं तर जो तो पहिल्या वर्गात. विमावाले तर अशा एका विषयात पहिले आलेले होते जो त्यांच्या काळी नव्हताच.

त्या संध्याकाळी बायको समोर येऊन बसली. इतके दिवस तिने एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. उलट डब्यात एक पोळी जास्त देत होती, तीही डबा कुठे खाता हे न विचारता. ती म्हणाली, "तुम्हाला वाटत असेल की मला काय कळणार. मला कळतं. मी पदवीच्या शेवटच्या वर्षी नापास झाले होते."

कोशवाल्यांनी मान वर केली.

"पदवी नाही माझ्याकडे. आपलं ठरलं तेव्हाच सांगणार होते. सांगायलाच आले होते त्या दिवशी. पण तुम्ही तासभर शुद्धलेखनावर बोलत बसलात. मग राहून गेलं. पुढे सासूबाई चारचौघांत 'आमची सून पदवीधर' म्हणायला लागल्या आणि माझी जीभच उचलेना. नापास झालेलं माणूस मरत नाही, एवढंच सांगायचं होतं."

कोशवाल्यांचा डावा हात सवयीने रुमालाकडे गेला. उजवा खिशाकडे. ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडचं, कानांनी ऐकलेलं, बावनकशी वाक्य. नोंद पूर्ण. खुर्ची. पहिल्या पानावर नाव.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तसेच बसून राहिले. बायकोला ते बसणं थोडं विचित्र वाटलं, पण तिने तेही पुराव्यात जमा केलं.

वाचनसभा भरली. बाई नोंद वाचत गेल्या. सुटाला मान हलली. भाषणाला खिडकीजवळच्या टेबलावर हसू फुटलं. पेटी मिटली तिथे बाईंनी स्वतः चष्मा काढून पुसला. सुतळीचा चेहरा आणखी बारीक झाला. मग बाई थांबल्या.

"'नापास होणे'ला वाक्य नाही?"

"मिळालं नाही, बाई."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढ्या लोकांना बोलतं केलंत आणि सगळ्यांत सोपं मिळालं नाही? की मिळालं आणि आणलं नाही?"

या बाईला दिसतं तरी किती, असा संशय कोशवाल्यांना पुन्हा आला. ते म्हणाले, "मिळालं नाही."

"माझ्याकडे आहे," सुतळी म्हणाला. "माझा मेहुणा..."

"मेहुण्याचं मेहुण्याने सांगायचं," बाई म्हणाल्या. "मग नोंद परत जाणार. आणि परत गेली की तुम्हाला ठाऊक आहे."

कोशवाल्यांना ठाऊक होतं. डोळ्यांपुढून शिंप्याचं स्टूल गेलं, चपळ तरुण गेले, पहिली रांग गेली. हे सगळं सोसलं ते कशासाठी? पुन्हा 'इतर' होण्यासाठी.

"जाऊ द्या, बाई," ते म्हणाले, आणि या वेळी आरशाची तालीम नव्हती म्हणून आवाज फाटला. "मी नापास झालो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि नोंदपत्रावर लिहिलं.

"काय लिहिलंत?" कोशवाल्यांनी संशयाने विचारलं.

"ज्याच्यावर गुदरलं त्याच्या तोंडचं. मी माझ्या कानांनी ऐकलं. नोंद मंजूर."

सुतळीने हरकत घेतली की नोंद करणाऱ्याचं स्वतःचं वाक्य कसं चालेल. बाई म्हणाल्या, ऐकणारी मी आहे, नियम ऐकणाऱ्याचा आहे. सुतळीने नियम मनात तीनदा फिरवून पाहिला. कुठून शिरायला जागा मिळेना.

कोशवाले त्या दिवशी पुढच्या दाराने घरी आले. शिंपी म्हणाला, "दादा, काजं पडलीत." ते न थांबता वर गेले. बायको दारातच मटार सोलत बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, न्हाणीघरापासून वाचनसभेपर्यंत. ती मटार सोलत राहिली.

"म्हणजे नोकरी गेलीच नव्हती."

"नाही."

"आणि मी माझं सांगितलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

दोन-चार शेंगा जरा जोरात फुटल्या.

"शिंप्याचं छापणार?"

"हो."

"मावशींचं गाणं?"

"तेही."

"माझं?"

"नाही," कोशवाले म्हणाले. या एका उत्तराची वाट ते जिना चढल्यापासून पाहत होते. "तुझं मी कुणाला सांगितलं नाही. खुर्ची जाणार होती तरी नाही."

बायकोने त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "का? बरं नव्हतं?"

"अगं, तसं नाही..."

"मावशींच्या सुरापेक्षा तर खरं होतं." तिने परात बाजूला सरकवली. "आणि त्याच्या जागी काय छापताय?"

"माझं. 'मी नापास झालो.'"

"ते तुम्ही म्हटलंत म्हणून तुम्ही पास झालात ना?"

"हो."

"मग नापास कुठे झालात? वाक्य खोटं आहे."

बाईंना हे दिसलं नव्हतं. सुतळीला दिसलं नव्हतं. छापून गेल्यावर कुणाला दिसलं असतं तर? पहिल्या पानावर नाव, आणि आत त्या नावाचं धडधडीत खोटं.

"आता काय करायचं?" कोशवाल्यांनी विचारलं.

"कागद काढा," बायको म्हणाली. "खोटं छापण्यापेक्षा माझं घाला. पण नीट घाला, अर्धवट नको. कुठल्या विषयात तेही आलं पाहिजे."

कोशवाल्यांनी नोंदपत्र काढलं. रुमाल काढला नाही. "कुठल्या विषयात?"

बायकोने पदराला हात पुसले, जिन्याकडे तोंड केलं आणि सासूबाईंच्या 'पदवीधर'पेक्षा वरच्या पट्टीत म्हणाली, "मी तर्कशास्त्रात नापास झाले."

समोरचं मावशींचं दार इतका वेळ बोटभर उघडं होतं, ते हळूच लागलं.